बुवांचा समुद्र

अत्यंत जबाबदारीने, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता मी जाहीर करतो की, कुवेतमधल्या अहमदी गावी, तेल कंपनीच्या नोकरीत असताना, मी सलग तीन वर्षं समुद्र म्हणून काम केलं आहे. माझ्या दाखल्यावर ‘ट्रेसर, ड्रॉइंग ऑफिस’ असं लिहिलेलं आहे. तेही खरं, पण ते पोटासाठी. समुद्र मी फुकट होतो. माझ्यासारखे आणखी अकरा जण होते. आम्हां बारा सज्जनांना समुद्र करून ठेवणारा माणूस एस्टोनिया नावाच्या देशाचा संगीतकार होता. त्याच्याविषयी आता चार चांगले शब्द लिही, असं काही मंडळी मला सुचवतात. मी प्रामाणिकपणे शोधले. दोन सापडले: उंच आणि वक्तशीर.

आम्ही त्यांना ‘बुवा’ म्हणायचो. त्यांचं खरं नाव उच्चारताना जीभ दोनदा दातांवर आपटायची, आणि गाणं शिकवतो तो आपल्याकडे बुवा, म्हणून बुवा. त्यांचा समज असा झाला की बुवा ही ‘सर’पेक्षा वरची पदवी आहे. आम्ही तो समज मोडला नाही. ताठ मान, सोललेल्या बटाट्यासारखा रंग आणि धुऊन धुऊन विटलेल्या निळ्या सदऱ्यासारखे डोळे, असे बुवा ऑफिसात शिरले की घड्याळं मिळवून घ्यावीत. दुसरा चांगला शब्द तो हाच.

आपण मोठे संगीतकार होतो असं ते कधी म्हणाले नाहीत. बाकीचं सगळं मात्र अशा बेताने बोलत की ऐकणाऱ्याच्या मनात तेवढंच उरावं. त्यांच्या देशात म्हणे दर काही वर्षांनी हजारो माणसं एका मैदानात उभी राहून एकच गाणं गातात, आणि समोर मचाणावर एक माणूस हात हलवतो. एके वर्षी तो माणूस बुवा होते. मग लढाई आली, रशियाने देश गिळला. एका मच्छीमार होडीतून ते पळाले, जर्मनीत निर्वासितांच्या छावणीत राहिले, इंग्लंडात कापडाच्या गिरणीत राबले, आणि अक्षर छापल्यासारखं सुबक म्हणून शेवटी अहमदीत ड्राफ्ट्समन झाले. ज्यांनी हात हलवला की हजारो गळे उघडत, ते माझ्या शेजारच्या टेबलावर पाइपलाइनीचे व्हॉल्व्ह काढत होते.

आता ह्यावर कोणी डोळे पुसू नयेत. आमच्या ऑफिसात प्रत्येक जण पूर्वी कोणीतरी होताच. एक कराचीत वकील होणार होता. एकाचे वडील म्हणे दिवाण होते. मी स्वतः पुण्यात संगीत नाटकात गाणार होतो, आणि माझं गाणं ऐकलेली तीन माणसं आजही हयात आहेत. पण आम्ही आमचं मोठेपण गावी ठेवून आलो होतो. बुवांनी ते बरोबर आणलं होतं, आणि ठेवायला जागा नव्हती म्हणून ते आमच्या डोक्यावर ठेवलं.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी एक पोलादी चिमटा असायचा. सूर तपासायचा चिमटा. तो कशावरही आपटायचा आणि कानाशी धरून डोळे मिटायचे. टेबलावर, पाण्याच्या पिंपावर, एकदा तर आमच्या हेडच्या हेल्मेटवर, हेडच्या डोक्यावर ते हेल्मेट असताना. जगातल्या प्रत्येक आवाजाची त्यांच्याकडे एक तक्रार होती. मीना अल-अहमदी बंदरावर रिफायनरीचा धोक्याचा भोंगा दर आठवड्याला तपासणीसाठी वाजायचा. बुवांनी वरच्या साहेबाला पत्र लिहिलं: ‘आपला भोंगा पाव सुराने उतरलेला आहे. कृपया दुरुस्त करावा.’ साहेबांनी उत्तर धाडलं: ‘तो ऐकून माणसं पळतात. आम्हाला तेवढं पुरे आहे.’ बुवांनी ते उत्तर आम्हा सगळ्यांना वाचून दाखवलं. इंग्रज का बिघडला, ह्याचा पुरावा म्हणून.

ऑफिसात एक जाडजूड नकाशांचं पुस्तक होतं. मी नवा होतो, चेष्टेखोर होतो. विचारलं, “बुवा, तुमचा देश दाखवा की.”

त्यांनी पान उघडलं. रशियाच्या मोठ्या गुलाबी पसाऱ्यात बोट ठेवलं.

“हा तर रशिया.”

“छपाईची चूक,” बुवा म्हणाले. मग रूलिंग पेन घेतलं, शाई भरली आणि समुद्राच्या कडेला एक केसाएवढी बारीक सीमा काढली. वळणं, बेटं, सगळं तोंडपाठ. शेवटी आम्ही ड्रॉइंगमध्ये दुरुस्ती केल्यावर करतो तसा एक छोटा त्रिकोण काढून आत ‘१’ लिहिला. रिव्हिजन एक. पुस्तक खराब केलं म्हणून हेड ओरडले, तेव्हा बुवा शांतपणे म्हणाले, “खराब होतंच. मी दुरुस्त केलं.” पुढच्या वर्षी नवं पुस्तक आलं. पहिल्याच दिवशी त्यातही त्रिकोण उगवला.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो कामाच्या कंटाळ्यामुळे. मी ट्रेसिंग करत होतो, दुपारी दीडचा सुमार, बाहेर ऊन असं की खिडकीकडे बघवेना. मागून चिमटा वाजला. बुवा माझ्या पाठीशी उभे.

“तुम्ही कंटाळलात की खाली एक सूर धरता,” ते म्हणाले. “रोज तोच. मला तो पाहिजे.”

मी हरखलो. कोणाला तरी माझा सूर पाहिजे होता! ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठावन्नची, आणि तोवर माझ्याकडे कोणी पाहिजे म्हणून मागितलेली वस्तू म्हणजे सिगरेट.

कंपनीत एक हौशी गायनमंडळ होतं. इंजिनियर साहेबांच्या बायका नाताळची गाणी गायच्या, एवढाच त्याचा व्याप. ते बुवांच्या हाती आलं, आणि बुवांनी त्याचं साम्राज्य करायला घेतलं. त्यांना चाळीस गळे पाहिजे होते. “एकोणचाळीस झाले तर ती कमिटी,” असं ते म्हणत. बायकांचे उंच आणि मधले आवाज साहेबांच्या घरातून मिळाले. वरचे पुरुषी आवाज मीनाला शिफ्ट करणाऱ्या गोव्याच्या मंडळींचे. त्यांना लहानपणी चर्चमध्ये कागदावरचं संगीत वाचायला शिकवलेलं होतं, आणि ते आमच्याकडे जावयाच्या तोऱ्यात बघत. राहिला तळ. तळाला बुवांनी आम्हाला घातलं: ऑफिसातले सहा-सात मराठी कारकून आणि स्टोअरमधली रत्नागिरीकडची मुसलमान मंडळी. त्यांचे म्होरके दाऊदभाई. पूर्वी गलबतावर होते. त्यांनी नुसतं ‘या’ म्हटलं तरी खिडकीच्या काचा थरथरत.

पहिल्या तालमीला मी घसा साफ करून, आलापाची तयारी करून गेलो. बुवांनी माझं दोन मिनिटं ऐकलं.

“आवाज चांगला आहे,” ते म्हणाले. “तो वापरू नका.”

हे वाक्य मी आजही जसंच्या तसं म्हणून दाखवू शकतो, आणि पुरेसं श्रीखंड झाल्यावर म्हणून दाखवतोही.

नाताळच्या गाण्यांत आमचं फारसं काम नसे. खरं काम होतं बुवांच्या स्वतःच्या गाण्यात. बायकांशी त्यांचा करार होता: आठ गाणी तुमची, शेवटचं एक माझं. त्या गाण्याचे कागद बुवांनी स्वतः ट्रेसिंग पेपरवर काढून त्यांच्या अमोनिया प्रिंट केल्या होत्या, त्यामुळे आमच्या संगीताला नेहमी संडास नुकताच धुतल्यासारखा वास यायचा. कोपऱ्यात रीतसर चौकट: ड्रॉइंग नंबर, स्केल, तारीख, रिव्हिजन अकरा. प्रत्येक आवाजाचा कागद वेगळा. आमच्या कागदावर एक टिंब होतं आणि त्याच्यापुढे लांबच लांब रेघ.

“हे काय?” मी विचारलं.

“तुमचा सूर.”

“आणि मग?”

“मग तोच.”

दाऊदभाईंनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. “काय हो, ह्या गाण्यात हाय तरी काय?”

बुवांचं इंग्रजी आमच्याइतकंच उसनं होतं, म्हणून एकमेकांचं चटकन कळायचं. ते म्हणाले, “एक बाई. किनाऱ्यावर. बोटीची वाट बघते. बोट येत नाही.”

“मग?”

“मग काही नाही. चार कडवी.”

“आन् आमी कोन?”

“तुम्ही समुद्र.”

दाऊदभाई माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, “ह्यानं समुद्र कधी बघितलान काय? समुद्र असा एका जाग्यावर बसतो?”

मी भाषांतर केलं. बुवांनी गंभीरपणे विचार केला. “बाईला तो तसाच दिसतो,” ते म्हणाले, आणि चिमटा आपटला.

अशी तीन वर्षं. दर शनिवारी ऑफिस सुटल्यावर आम्ही बारा जण शाळेच्या एका वर्गात लहान मुलांच्या बाकांवर बसून एक सूर धरत असू. ऊऽऽऽ. बुवा काळा लोकरी कोट घालून समोर उभे. मे महिन्यात. बाहेर डांबर वितळतंय आणि हा मनुष्य गळ्यापर्यंत बटणं लावून हवेत हात फिरवतोय! मध्येच थांबवायचे. “तुम्ही गाताय. गाऊ नका. पाया गात नाही. पाया धरतो.” फार चांगलं धरलं की बक्षीस मिळायचं. बुवा स्वतः भाजलेला काळा पाव. त्याचं पीठ स्वीडनमधला कोणी मित्र पाठवी, आणि तो पाव भिंतीत बसवला असता तर आजही निघाला नसता. तो चुकवण्यासाठी आम्ही मुद्दाम थोडं वाईट गात असू. आमची प्रगती खुंटली ह्याचं एक कारण ते.

सुरुवातीला, पहिल्या दोन-तीन महिन्यांत, बुवा म्हणत असत की एकदा बायकांचा भाग तुम्हाला ऐकवीन, म्हणजे आपण कशाखाली आहोत ते कळेल. तो बेत बदलला, आणि बदलण्याचं कारण आमचा गणपती.

माझ्या क्वार्टरमध्ये दार लावून आम्ही दीड दिवसाचा गणपती बसवायचो. बुवा शेजारी, त्यांना बोलावलं. ते कोट घालून आले आणि दफनाला आल्यासारखे भिंतीशी उभे राहिले. आरती सुरू झाली. खोलीत आठ माणसं, आवाज ऐंशींचा. मोदकांसाठी आलेले दाऊदभाई दाराशी उभे राहून टाळ्यांचा ठेका धरत होते, आणि तिसऱ्या आरतीला शब्द येत नसताना नुसती चाल धरून आमच्यात सामील झाले. आरती संपली. बुवा पांढरे पडले होते.

“दुसरा सूर कोण गातो?” त्यांनी मला विचारलं.

“दुसरा नाहीच. सगळे पहिलाच गातात.”

“सगळे?”

“सगळे.”

“आणि ज्याला येत नाही तो?”

“तो सगळ्यांत मोठ्यानं गातो.”

बुवांनी मोदक न खाता खिशात घातला आणि ते गेले. पुढच्या शनिवारी वर्गात फळ्यावर नियम लिहिलेला होता: तळाच्या आवाजांनी दुसऱ्या कोणाचाही कागद बघू नये, दुसऱ्या कोणाच्याही तालमीला येऊ नये. बुवांनी ओळखलं होतं की चाल कानावर पडली की ही माणसं तिच्यात शिरणार, आणि मग पाया म्हणून कोणी उरणार नाही. आमच्यासारख्या निरुपद्रवी माणसांपासून एक चाल तीन वर्षं लपवून ठेवली गेली. बायकांच्या तालमी गुरुवारी सकाळी, आम्ही कामावर असताना. साहेबांच्या बायकांसाठी म्हणून बुवांना तेवढी सवलत होती. गोव्याच्या मंडळींच्या त्यांच्या शिफ्टप्रमाणे, मीनाला. आम्ही एकाच गाण्यातले लोक, पण एकमेकांना फक्त दुकानात भेटत होतो. एकदा एका साहेबाची जाडी, हसरी बायको मला मांसाच्या दुकानात म्हणाली, “सुंदर गाणं आहे, नाही?” मी काय सांगणार? मला ते गाणं म्हणजे बिघडलेला पंखा वाटत होता.

दाऊदभाईंना मात्र संशय होता. स्टोअरमधलं कोल्ड स्टोरेज त्यांच्या ताब्यात होतं, आणि दर गुरुवारी दुपारी बुवा तिथे जायचे. कोट घालून. गोठलेल्या मेंढ्यांच्या रांगांमध्ये दहा मिनिटं उभे राहायचे, दार लावून, आणि भुवयांवर बर्फ घेऊन बाहेर यायचे. बाहेर सावलीतही माणूस भाजत असे.

“काय हो, गावी जाऊन आलात?” दाऊदभाई विचारत.

“हो,” बुवा म्हणत. “आभार.”

मी दाऊदभाईंना म्हटलं, “नियमात बसतं का हे?”

“नियमात मेंढ्या बसतात,” दाऊदभाई म्हणाले. “पर आयक. आत तो काय तरी गुनगुनतो. दारातसून आयकू येतां. आपला ऊ-ऊ नाय, येगळां. मी दार उघडलां की गप.”

आमची बैठक असली की बुवा तिथेही यायचे, हे सांगायला हवं. शुक्रवारी सकाळी कुवेत शहरातल्या मिरकाबमध्ये एका मित्राच्या माडीवर पेटी-तबला जमायचा. तिथे मी माझा राखून ठेवलेला आवाज वापरायचो. बुवा खुर्चीवर बसून दोन तास हलत नसत. शेवटी एकदा म्हणाले, “एक माणूस गातो. चाळीस बसतात. चाळीस कशाला?”

“दाद द्यायला!”

“वाया,” बुवा म्हणाले.

मी भडकलो. म्हटलं, तुमच्याकडे चाळीस गातात, मग दाद द्यायला उरतं कोण? ह्यावर त्यांनी चिमटा काढून खुर्चीवर आपटला आणि कानाशी धरला. टाकून बोलण्यात मी त्यांना हरवलं असा तो एकच प्रसंग, आणि तो मी आजवर निदान शंभर जणांना सांगितला आहे.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस हेडनी मला सांगितलं की बुवांना कंपनीचं पत्र आलंय. साठी भरली, येत्या मार्चमध्ये नोकरी संपते. तेव्हा येणारा नाताळ हाच त्यांचा शेवटचा कार्यक्रम. मला मनातून आनंद झाला. समुद्रातून सुटका दिसू लागली. त्याच आनंदात मी त्यांच्या टेबलाशी गेलो. ते रिव्हिजन अकराची शाई खरवडून कुठलंसं टिंब अर्ध्या मिलिमीटरने सरकवत होते.

“बुवा, हे गाणं तुमच्या देशात फार गातात काय?”

“नाही. तिथे ते कोणाला माहीत नाही. छावणीत लिहिलं. पुठ्ठ्यावर.”

“मग इंग्लंडात गायले?”

“चाळीस माणसं मिळाली नाहीत.”

“म्हणजे कोणीच गायलेलं नाही?”

“अजून नाही.”

“मग ते ऐकायला कसं लागतं, ते तुम्हाला तरी कसं कळणार?”

बुवांनी ब्लेड खाली ठेवलं. “कळत नाही,” ते म्हणाले. “पंधरा वर्षं. म्हणून तर तालीम.”

मी जागेवर येऊन बसलो. मला त्यांची दया वगैरे आली नाही, हे स्पष्ट करतो. पण त्या शनिवारी मी पाव चुकवण्यासाठी वाईट गायलो नाही. चांगलं गायलो आणि पाव खाल्ला. दाढ दुखली.

डिसेंबरात कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सगळ्या चाळीस जणांची मिळून एक तालीम ठरली होती. पहिली आणि एकच. तिच्यात बुवांना गाणं ऐकायला मिळणार होतं, आणि आम्हाला चाल ऐकवून, ती ऐकूनही आपल्या जागेवर कसं बसायचं ते शिकवलं जाणार होतं. त्या दिवशी मीनाला एकाच वेळी तीन टँकर लागले. गोव्याच्या मंडळींची सुटी गेली आणि तालीम बारगळली. बुवा रिकाम्या हॉलमध्ये चाळीस खुर्च्या मांडून उभे राहिले होते. मी कागद द्यायला गेलो तेव्हा ते एकेका खुर्चीकडे बघून हात हलवत होते. मी दारातूनच परतलो. वेड्या माणसाला मध्येच हाक मारू नये.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉल भरला. साहेब, त्यांची पोरं, आमचे लोक मागे उभे. नाताळची आठ गाणी नीट पार पडली. मग बुवांनी कोटाचं सगळ्यांत वरचं बटण लावलं, चिमटा गुडघ्यावर आपटला आणि आमच्याकडे बघितलं. फक्त आमच्याकडे. आम्ही सूर धरला. ऊऽऽऽ.

त्याच्यावर बायकांनी चाल सुरू केली.

मला तोवर वाटत होतं की बुवांकडे चाल नसणारच. असती तर इतकं लपवून कशाला ठेवलं असतं? आणि ही चाल तर एवढी साधी! दोन पायऱ्या वर जायची, तिथे क्षणभर थांबायची आणि परत यायची. खिडकीपर्यंत जाऊन, काही दिसलं नाही म्हणून परत येणाऱ्या बाईसारखी. पुन्हा जायची. पुन्हा यायची. पहिलं कडवं संपेपर्यंत ती माझ्या गळ्यात उतरून बसली होती.

तेवढ्यात दाऊदभाईंनी मला कोपराने ढोसलं. मला वाटलं, माझा सूर हलला म्हणून. ते सूर सोडून माझ्या कानात म्हणत होते, “हीच ती! मेंढ्यांतली!”

दुसऱ्या कडव्याला पहिला फुटला तो मी. कबूल करतो. शब्द येत नव्हते, ‘आ’कार लावला. तीन वर्षं दाबून ठेवलेला आवाज होता, तो काय माझं ऐकतो? खिडकीपाशी थांबताना एक लहानशी हरकतही निघून गेली, ती पुण्याची. माझ्यामागून दाऊदभाई. मग त्यांच्या शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. तिसऱ्या कडव्याला बाराच्या बारा समुद्र उठून किनाऱ्यावर आले आणि बाईच्या शेजारी उभे राहिले. गोव्याच्या मंडळींनी कागदावर नजर रोवून एक ओळ दम धरला. वाचता येतं ना! पण खालून बारा जण तीच चाल ओरडत असताना कागद किती वेळ टिकणार? तेही आले. मधल्या आवाजाच्या बायका गोंधळल्या आणि आल्या. चौथ्या कडव्याला चाळीसच्या चाळीस माणसं एकच चाल गात होती आणि खाली कोणी नव्हतं.

लोकांना बुवांची पाठ दिसत होती. तोंड आम्हाला दिसत होतं. पहिल्यांदा त्यांनी डाव्या हाताने आम्हाला खाली दाबलं: खाली, खाली. मग मूठ वळून दाखवली. मग ती मूठ तशीच हवेत राहिली. उजवा हात मात्र ताल देत राहिला, आणि थोड्या वेळाने मी पाहिलं की त्यांचे ओठ हलताहेत. बुवा आमच्यासमोर कधी गात नसत. गाणाऱ्याने गावं, हात हलवणाऱ्याने हात हलवावेत, असा त्यांचा कडक नियम. त्या चौथ्या कडव्यात ते चाल गात होते, आमच्याबरोबर, तोंड आमच्यासारखंच वेडंवाकडं उघडून.

आता एक अडचण होती, ती त्या क्षणी फक्त त्यांना आणि आम्हाला माहीत होती. गाणं चालीबरोबर संपत नव्हतं. सगळे आवाज थांबल्यावर शेवटची चार आवर्तनं नुसता समुद्र होता. आमचा एक सूर. बाई घरी जाते, समुद्र तिथेच राहतो, असं काहीतरी. चाल संपली, सगळे थांबले, आणि तो सूर धरायला आमच्यापैकी एकही जागेवर नव्हता. बुवांचा उजवा हात थांबला नाही. ते पूर्ण शांततेला ताल देऊ लागले. एक. टाळी वाजवायला उठलेले हात तसेच राहिले. दोन.

इथे मी जरा थांबतो, कारण पुढचं एकदा सांगितलं की मग मला काही सांगू देणार नाही तुम्ही. बुवा मार्चमध्ये बोटीने गेले, स्वीडनला. निरोप देताना भावनाविवश वगैरे कोणी झालं नाही. मला त्यांनी एक अख्खा पाव दिला. कार्यक्रमाबद्दल ते माझ्याशी कधीही एक शब्द बोलले नाहीत, आणि मीही माफी मागितली नाही. फक्त कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर एक ट्रेसिंगचं काम येऊन पडलं होतं. आमचा कागद, समुद्राचा. पहिल्या तीन कडव्यांना तेच टिंब, तीच लांब रेघ. चौथ्या कडव्यात रेघ खोडलेली, तिथे सुबक हाताने चाल लिहिलेली, आणि त्यानंतर चार आवर्तनं कोरी. कोणाचाच सूर नाही. शेजारी छोटा त्रिकोण, आत ‘१२’. कोपऱ्यात ‘चेक्ड’च्या रकान्यात सही त्यांची, आणि ‘रिव्हाइज्ड बाय’च्या रकान्यात, न विचारता, माझी आणि दाऊदभाईंची नावं. माझ्या नावात दोन चुका होत्या. तो कागद माझ्याकडे आहे. अजून वास येतो.

तर बुवांचा हात हलत होता. तीन. हॉलमध्ये एक खुर्चीही वाजली नाही. चार. हात खाली आला, आणि माझ्या शेजारून, ज्या गळ्याने तेवढा वेळ समुद्र सांभाळायचा होता त्याच गळ्यातून, काचा थरथरतील एवढ्या मोठ्याने, मागच्या भिंतीपर्यंत पोचलेल्या शुद्ध रत्नागिरी बोलीत, दाऊदभाई बुवांकडे बोट दाखवून माझ्यावर ओरडले:

“एवढी झ्याक चाल, आनि तीन वर्सां आमच्यापासून लपवून ठेवलीन!”